शिकवण्या घेणारा मुलगा इंजिनिअर कसा झाला? – सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या



१५ सप्टेंबरला शाळेत अभियंता दिन साजरा होतो. फळ्यावर विश्वेश्वरय्यांचं नाव लिहितो, फोटोला हार घालतो, धरणांची नावं सांगतो. पण हा गरीब घरातला मुलगा इंजिनिअरिंगच्या कॉलेजपर्यंत पोहोचला कसा, हे मात्र मुलांना सांगायचं राहून जातं. आपल्या मुलांच्या उपयोगाचं तर नेमकं तेच आहे. म्हणून आजच्या पाठात धरणं थोडी आणि प्रवेशाची वाट जास्त.

विश्वेश्वरय्यांचं गाव मुद्देनहळ्ळी. ते चिक्कबळ्ळापूरजवळ, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित, आई वेंकटलक्ष्मम्मा. घरात विद्या होती, पैसा नव्हता. त्यात मुलगा लहान असतानाच वडील वारले. सुरुवातीचं शिक्षण चिक्कबळ्ळापूरला झालं. पुढे शिकायचं तर बंगळूर गाठायला हवं होतं. तिथे मामांचा आधार मिळाला.

बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात नाव घातलं, पण खर्चाचं काय? त्यांनी एका कोडगू कुटुंबातल्या मुलांच्या शिकवण्या धरल्या. म्हणजे दिवसा स्वतः शिकायचं आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायचं. असं करत १८८१ साली ते बी.ए. झाले. त्या काळी बी.ए. झालेल्या मुलाला कुठेतरी कारकुनी सहज मिळाली असती. घरची परिस्थिती बघता कुणी नावंही ठेवली नसती.

इथे दोन गोष्टी घडल्या. कॉलेजचे प्राचार्य चार्ल्स वॉटर्स यांचं या मुलाच्या गणिताकडे लक्ष गेलं आणि त्यांनी पुढची वाट दाखवली. आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. त्या शिष्यवृत्तीवर विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंग शिकायला आले.

हे कॉलेज म्हणजे आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं सीओईपी. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था १९११ पासून इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २०२२ मध्ये तिचं विद्यापीठ झालं. बेगडेवाडी स्टेशनवरून पुण्याची लोकल पकडली की तासाभरात शिवाजीनगर येतं, आणि तिथून कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. विश्वेश्वरय्या परक्या मुलखातून, परक्या भाषेच्या गावात आले. आपल्या मुलांना लोकलचं तिकीट तेवढं काढायचं आहे. तरी हे कॉलेज आपल्या वाडीतल्या मुलांना लांब का वाटतं, याचा विचार आपणच करायला हवा.

१८८३ मध्ये ते शेवटच्या परीक्षेत पहिले आले. मुंबई सरकारने त्यांना सहायक अभियंता म्हणून घेतलं आणि १८८४ मध्ये नाशिकला नेमणूक झाली. पुढची जवळपास पंचवीस वर्षं त्यांनी मुंबई इलाख्यात काढली. खानदेशात कालव्यांची कामं केली, सक्करला शहराचा पाणीपुरवठा उभा केला. आपल्या खडकवासला धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की ते उघडायचे आणि पातळी उतरली की मिटायचे. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता आलं ते यामुळे.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ संस्थानाचे दिवाण होते. कावेरीवरचं कृष्णराजसागर धरण सर्वांना माहीत आहे. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झालं आणि १९१७ मध्ये बंगळूरला इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. ज्या शिक्षणासाठी स्वतःला घरापासून इतक्या लांब यावं लागलं, ते त्यांनी पुढच्या मुलांच्या दाराशी नेलं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. शंभरी पार करून १९६२ मध्ये ते गेले.

आता जरा आपल्याकडे बघू या.

विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगताना आपण म्हणतो, बघा, गरीब असूनही जिद्दीने शिकले. हे खरं आहे, पण अर्धंच. जिद्दीबरोबर त्यांच्याकडे आणखी तीन गोष्टी होत्या. घरात शिकण्याची परंपरा होती, वेळेवर वाट सांगणारे गुरुजी होते, आणि कॉलेजात पाऊल टाकण्याआधी खर्चाची सोय झालेली होती. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं पहिल्या पिढीची शिकणारी आहेत. वडील तळेगाव नाहीतर चाकणच्या कंपनीत कंत्राटावर, आई धुण्याभांड्याला. जिद्द या मुलांतही आहे. बाकीच्या तीन गोष्टी मात्र कुणीतरी द्याव्या लागतात. नुसतं मेहनत कर म्हटलं, तर आपण सगळा भार त्या पोरावरच टाकतो.

म्हणून पालकांनो, ही माहिती मुलगा बारावीला गेल्यावर नाही, आजच लिहून ठेवा.

आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर सरकारी किंवा अनुदानित शाळेतलं मूल बसू शकतं. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात.

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा हीसुद्धा इंजिनिअरिंगचीच वाट आहे. चांगले गुण असतील तर त्यातून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

बारावीनंतर सीईटी आणि कॅप फेऱ्या. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस योजनेत शिक्षण शुल्क माफ होतं, पण या जागा थोड्या असतात आणि पसंतीच्या अर्जात त्यांचा वेगळा कोड भरावा लागतो. तो भरलाच नाही तर गुण असूनही जागा जाते. याशिवाय शुल्कासाठी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, राहण्या-जेवणासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या आठ लाखांच्या आतल्या घरांतील मुलींना तर २०२४-२५ पासून शुल्कात पूर्ण सवलत आहे. तेव्हा मुलीला एवढं कशाला शिकवायचं, परवडणार नाही, हे वाक्य घरात बोलण्याआधी एकदा चौकशी करा.

आणि कागदपत्रं! उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, लागत असेल तर जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर. जूनमध्ये तहसीलला रांग लागते, तेव्हा धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच सुरुवात केलेली बरी.

शिक्षक मित्रांनो, आपण प्राथमिकचे, आपला याच्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. अपूर्णांक चौथी-पाचवीत कच्चे राहिले की सीईटीची वाट तिथेच अडते. आणि कुठल्या मुलाला गणितात रस आहे, हे सगळ्यात आधी आपल्यालाच दिसतं. ते त्याच्या आई-बाबांना पालकसभेत सर्वांसमोर, नाव घेऊन सांगा. वॉटर्स साहेबांनी याहून वेगळं काय केलं होतं?

वर्गात घेण्यासाठी उपक्रम: मुलांना विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगा आणि मग विचारा, यांना कोणी कोणी मदत केली? मुलं यादी करतील. त्याखाली प्रत्येकाने लिहायचं, मला कोण मदत करू शकेल? ज्या मुलाची ओळ कोरी राहील, त्याच्या घरी या आठवड्यात आपण जाऊन यायचं.