खडकांत दडलेल्या तळ्यांचा शोधक : स्टीफन हिस्लॉप

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील कपाशीला पोसणारी काळी माती ज्या पाषाणापासून झाली, तो पाण्याखाली थिजला की उघड्या जमिनीवर, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील भूगर्भशास्त्रज्ञांना बराच काळ गुंतवून ठेवले होते. या कोड्याला विदर्भात प्रथम हात घालणाऱ्यांपैकी एक होते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव सर्वपरिचित असले, तरी त्यांचे भूगर्भशास्त्रातील कार्य मात्र काहीसे विस्मृतीत गेले आहे.

८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स येथे जन्मलेले हिस्लॉप धर्मप्रसारासाठी १८४४च्या अखेरीस मुंबईत उतरले आणि पुढल्या वर्षी भोसल्यांच्या नागपुरात आले. १८४६ मध्ये त्यांनी तेथे शाळा काढली. अध्यापन आणि धर्मकार्य सांभाळून ते हातोडी घेऊन टेकड्या पालथ्या घालीत. नागपूरनजीक टाकळी येथे त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शिंपले, माशांचे अवशेष, फळे व बिया आढळल्या. १८५५ मध्ये या दोघांचा शोधनिबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या प्रदेशात एकेकाळी विस्तीर्ण सरोवर असावे, त्यातील गाळावर लाव्हारस पसरला आणि खालचा पाषाण नंतर गाळाखाली घुसला, असा हिस्लॉप यांचा तर्क होता. तो पुढे टिकला नाही. १८६७ मध्ये विल्यम ब्लॅनफर्ड यांनी दाखवून दिले की, लाव्हारस बहुतांशी उघड्या जमिनीवरच पसरला होता. दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात खोलगट भागांत लहानलहान तळी साचत आणि पुढचा लाव्हारस त्यांना गाडून टाकी. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, इतका हा सरळ क्रम होता.

पाण्याची खूण खडकात स्पष्ट उमटते. लाव्हारस पाण्यात शिरला की झटकन थिजून उशांसारखे गोळे वा काचेसारखे तुकडे होतात. उथळ समुद्रात ज्वालामुखीचे तोंडच खचले, तर १८८३ मधील क्राकाटोआप्रमाणे भीषण स्फोट होऊन राख व सच्छिद्र दगडांचे थर साचतात. वऱ्हाडात मात्र प्राधान्याने सपाट थरांवर सपाट थर आहेत. हा लाव्हारस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांतून वाहिला, असे आज मानले जाते. दोन थरांमधील लालसर मातीचे पट्टे मधल्या काळात खडक हवेत झिजल्याची साक्ष देतात. विहिरीला पाणी लागेल की नाही, हेदेखील या थरांतील भेगा आणि सच्छिद्र भागांवर अवलंबून असल्याने हा वाद केवळ पंडितांपुरता राहत नाही.

ब्लॅनफर्ड यांचा निष्कर्ष पाहण्यास हिस्लॉप हयात नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ हिस्लॉप कॉलेज पुढे १८८३ मध्ये सुरू झाले. त्यांचा तर्क चुकला. परंतु त्यांनी जमविलेल्या जीवाश्मांवाचून वऱ्हाड-नागपूरच्या पाषाणांमधील त्या तळ्यांचा इतिहास लिहिताच आला नसता.