बाळ कुणापाशी?

लेक आठ महिन्यांची असताना मला बढतीचं पत्र आलं. सोबत बदली, दुसऱ्या जिल्ह्यात. मी नकार लिहून दिला. साहेब म्हणाले, तुमची इच्छा! सही माझी होती हे खरं. पण इच्छा? यांनी बदली नाकारावी, हा विचार तेव्हा कुणाच्याच मनात आला नव्हता. अगदी माझ्याही.

पुढे मादाम क्युरींचं चरित्र वाचलं आणि तो कागद पुन्हा आठवला. पोलंडची ही मुलगी. तिच्या वॉर्सात मुलींना विद्यापीठाचं दार बंद होतं. बहिणीला पॅरिसला डॉक्टर होता यावं म्हणून हिने आधी लोकांची मुलं शिकवली आणि १८९१ साली स्वतः पॅरिस गाठलं. १८९५ मध्ये पिअर क्युरींशी लग्न, १८९७ मध्ये थोरली आयरीन.

आता संशोधन की मूल? तुमच्या-माझ्यासारखाच प्रश्न. तो सुटला सासऱ्यांमुळे! आयरीनच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या आणि सासरे, डॉक्टर युजीन क्युरी, मुलाकडे राहायला आले. नातीला त्यांनी सांभाळलं. तिकडे गळक्या शेडमध्ये मेरीबाई खनिजाच्या राशी उकळत, ढवळत होत्या. त्यातून १९०३ चं नोबेल आलं. त्यातही फ्रान्समधून शिफारस गेली होती ती पुरुषांचीच. पिअरनी आग्रह धरला म्हणून बायकोचं नाव आलं.

१९०६ मध्ये पिअर घोडागाडीखाली सापडून गेले. पदरात आठ वर्षांची आयरीन आणि सव्वा वर्षाची ईव्ह. सासरे मात्र शेवटपर्यंत, १९१० पर्यंत, सुनेपाशीच राहिले. म्हणून तर ती सोरबॉन विद्यापीठात शिकवणारी पहिली बाई होऊ शकली. १९११ मध्ये दुसरं नोबेल मिळालं. पण त्याच वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने तिला सभासद करून घेतलं नाही. घरचा आधार असूनही दारं बंद होतीच!

तिची बुद्धी आपल्याला कुठून येणार? पण खरं सांगू का, तिचे सासरे कुणाला मिळतील, हेही नशिबावरच सोडलेलं असतं. जिच्या बाळाला घ्यायला कुणी नाही, तिच्या नकाराला इच्छा कसं म्हणायचं? २०१७ मध्ये कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची केली. ज्यांना ती मिळते त्यांचं भलंच झालं. पण सत्ताविसाव्या आठवड्यात बाळ कुणाच्या मांडीवर?

माझ्या लेकीची रजा पुढच्या महिन्यात संपतेय. जावईबापू तिच्यानंतर महिनाभर रजा घेणार आहेत. मी स्पष्टच विचारलं होतं! त्यानंतर आम्ही दोघं जाणार. रिटायर झालेले हे सध्या उशीला लंगोट बांधायचा सराव करताहेत. गाठ अजून सैलच बसते, पण शिकतील.