हत्तीरोगाच्या गोळीमागचा माणूस: दोनदा मॅट्रिक नापास झालेले डॉ. सुब्बाराव

हत्तीरोगाची मोहीम आली की आशाताई दारात येतात आणि गोळ्या समोरच गिळायला सांगतात. विदर्भातल्या गावांना हे नवं नाही. पण ताई पुढच्या घरी वळली की गोळी गोठ्याकडे भिरकावणारेही कमी नाहीत. त्यातली डीईसी नावाची गोळी ज्यांच्या देखरेखीखाली शोधली गेली ते शास्त्रज्ञ आपल्याच देशातले होते. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

१२ जानेवारी १८९५ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातल्या भीमावरम इथे त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. मॅट्रिकला दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास. स्प्रू नावाच्या पोटाच्या रोगाने भाऊ गेला आणि औषध काही सापडलं नाही. ते दुःख त्यांच्या मनातून गेलं नाही.

मद्रासच्या मेडिकल कॉलेजात ते गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादी घालत. सर्जरीच्या इंग्रज प्राध्यापकाला ते खटकलं. एमबीबीएसऐवजी खालची एलएमएस पदवी हातात पडली. पुढे सासऱ्यांच्या मदतीने ते अमेरिकेला गेले. बायको इकडेच राहिली. परत येईन म्हणून गेलेला माणूस परत आलाच नाही, हेही सांगायला हवं.

हार्वर्डमध्ये नाव झालं, पण कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले. तिथे १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड तयार केलं. स्प्रूच्या रोग्यांना ते लागू पडलं, भाऊ गेल्यावर कितीतरी वर्षांनी. गरोदर बाईला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत आज तेच असतं.

डीईसी आली १९४७ मध्ये. हत्तीरोगाचे जंत घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामुळे अंगात शिरतात. मोठे जंत लसिकेच्या नळ्यांत राहतात, त्यांची पिल्लं रात्री रक्तात उतरतात. म्हणूनच तपासणीवाले रात्री रक्त घ्यायला येतात. डीईसी ही पिल्लं मारते, मग डासाला पुढे न्यायला काही उरत नाही. पाय एकदा हत्तीसारखा झाला की मात्र गोळीने तो पहिल्यासारखा होत नाही. धडधाकट माणसालाही गोळी देतात ती यासाठीच, कारण जंत वर्षानुवर्षं गुपचूप असतात. गोळीनंतर कुणाला ताप, मळमळ, चक्कर येते. बहुतेक वेळा ती मरणाऱ्या जंतांमुळे असते आणि एक-दोन दिवसांत जाते. त्रास जास्त वाटला तर दवाखाना गाठावा. उपाशीपोटी घेऊ नये. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसांना ती देत नाहीत.

१९४८ मध्ये त्यांच्याच विभागातून ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातलं पहिलं अँटिबायोटिक बाहेर आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय ५३. भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं ते जन्मशताब्दीला, १९९५ मध्ये.