हर्लिंगचे मोठे खेळाडू ख्रिस्टी रिंग

मी आज तुम्हांला ख्रिस्टी रिंग यांची माहिती सांगणार आहे. ते आयर्लंड देशातले फार मोठे खेळाडू होते. हा देश इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात आहे.

त्यांचा जन्म १९२० साली कॉर्क जिल्ह्यात क्लॉइन या लहान गावाजवळ झाला. तिकडे हर्लिंग नावाचा फार जुना खेळ खेळतात. काठी हॉकीसारखी लाकडीच असते, पण तिचे टोक रुंद आणि चपटे असते. चेंडू कातड्याचा असतो. तो जमिनीवरून मारतात, हवेतल्या हवेत मारतात आणि काठीच्या टोकावर तोलून पळतातसुद्धा! एका बाजूला १५ गडी असतात.

ख्रिस्टी कॉर्कच्या संघातून वीस वर्षांहून जास्त खेळले. या खेळाचे पैसे मिळत नसत. म्हणून ते पोटासाठी तेलाची लॉरी चालवीत. १९४१ ते १९५४ या काळात त्यांनी देशाच्या अजिंक्यपदाची आठ पदके मिळवली. त्यांपैकी तीन वेळा ते कप्तान होते.

१९५६ साली डब्लिन शहरात क्रोक पार्क मैदानावर अंतिम सामना झाला. समोर वेक्सफर्डचा संघ होता. कॉर्क जिंकले असते तर ख्रिस्टींना नववे पदक मिळाले असते. तोवर कुणालाच नऊ पदके मिळाली नव्हती. सामना संपत आला तेव्हा त्यांनी जोरात चेंडू मारला. पण गोलरक्षकाने तो अडवला आणि कॉर्क हरले. मग काय झाले ठाऊक आहे का? जिंकलेल्या वेक्सफर्डच्या खेळाडूंनी हरलेल्या ख्रिस्टींना खांद्यावर उचलून घेतले!

नववे पदक त्यांना कधीच मिळाले नाही. पण खेळणे सोडल्यावर ते कॉर्कच्या निवड मंडळात आले. मग १९७६, १९७७ आणि १९७८ अशी तिन्ही वर्षे कॉर्क जिंकले.

२ मार्च १९७९ रोजी कॉर्क शहरात ते रस्त्यातच कोसळले आणि वारले. तेव्हाचे पंतप्रधान जॅक लिंच हे त्यांच्याबरोबर खेळलेले होते. त्यांनी दफनाच्या वेळी भाषण केले. क्लॉइनमध्ये ख्रिस्टींचा पुतळा आहे.

मला १९५६ ची गोष्ट सर्वांत आवडली. आपल्या माणसांनी तर कुणीही उचलून घेईल, पण त्यांना समोरच्या संघाने उचलले. आपल्या शाळेच्या कबड्डीत समोरचा गडी छान खेळला, तर आपणही त्याच्यासाठी टाळ्या वाजवू या.