फाळकेंच्या १४ वर्षं आधी मुंबईत कुस्तीचं शूटिंग करणारे सावेदादा

भारतीय सिनेमाची सुरुवात कुणी केली असं विचारलं की आपण लगेच दादासाहेब फाळकेंचं नाव घेतो. ते बरोबरच आहे. ३ मे १९१३ ला त्यांचा राजा हरिश्चंद्र लोकांसमोर आला आणि या देशात सिनेमाचा धंदा उभा राहिला.

पण त्याच्या १४ वर्षं आधी आणखी एका मराठी माणसाने मुंबईत कॅमेऱ्याचं हँडल फिरवलं होतं. योगायोग बघा, त्यांचंही नाव हरिश्चंद्रच.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा म्हणायचे.

१५ मार्च १८६८ चा त्यांचा जन्म. मुंबईत केनेडी ब्रिजजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि धंदा चांगला चालला होता. अशातच ७ जुलै १८९६ हा दिवस उजाडला. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं काळा घोडा भागातल्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. तिकीट होतं एक रुपया. त्या काळी ही रक्कम साध्या माणसाच्या आवाक्याबाहेरची. पडद्यावर स्टेशनात शिरणारी आगगाडी आणि कारखान्यातून सुटणारे कामगार दिसले.

हा खेळ बघून बरेच जण चकित होऊन घरी गेले. सावेदादांच्या डोक्यात मात्र वेगळंच सुरू झालं. आपण फोटो काढतो, मग हलता फोटो का नाही काढायचा?

त्यासाठी लागणारा कॅमेरा भारतात मिळत नव्हता. तो त्यांनी मागवला थेट इंग्लंडहून, ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्स या कंपनीकडून. किंमत २१ गिनी असल्याचं सांगतात.

आता हे ब्रॅडफर्ड कुठलं? इंग्लंडच्या उत्तरेकडचं, लोकरीच्या गिरण्यांचं शहर. रायली बंधू तिथे जादूचे कंदील, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर पाडायची यंत्रं विकायचे. सिनेमा आल्यावर ते त्या धंद्यात शिरले.

कॅमेरा हातात आल्यावर १८९९ मध्ये सावेदादांनी मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती ठरवली. पैलवान होते पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी. कुस्ती झाली, रीळ भरलं. पण ते धुवायचं कुठे? इथे तशी सोयच नव्हती. म्हणून रीळ बोटीने लंडनला गेलं आणि धुऊन परत आलं. भारतीय माणसाने केलेलं हे देशातलं पहिलं चित्रीकरण मानलं जातं.

पुढे त्यांनी माकडवाल्याचा खेळ टिपला. पारशांच्या अग्यारीच्या दुरुस्तीचं काम टिपलं.

मग आला डिसेंबर १९०१. केंब्रिजमध्ये गणितात पहिले येऊन सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे मायदेशी परतले. मुंबईत त्यांचं जंगी स्वागत झालं आणि तिथे सावेदादा कॅमेरा लावून हजर होते. ही भारतातली पहिली बातमी-फिल्म समजली जाते. आज आपण मोबाईल काढून जे करतो, तेच ते १२० वर्षांपूर्वी करत होते.

१९०३ मध्ये त्यांनी लॉर्ड कर्झनचा दिल्ली दरबार टिपला. त्यानंतर मात्र त्यांचं शूटिंग थांबत गेलं. बोरीबंदर स्टेशनसमोरचं गेटी थिएटर, म्हणजे नंतरचं कॅपिटॉल, त्यांनी चालवायला घेतलं. त्यात त्यांनी पैसाही कमावला.

२० फेब्रुवारी १९५८ ला, नव्वदीच्या उंबरठ्यावर ते गेले. तोवर मूकपट संपले होते, बोलपट आले होते आणि मदर इंडिया गाजून गेला होता. हे सगळं त्यांनी बघितलं.

पण आज त्यांची ती कुस्ती आपल्याला बघता येत नाही. त्यांच्या फिल्म्स हरवल्या.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. ती पटकन पेट घेते आणि उष्ण, दमट हवेत आपोआप सडत जाते. मुंबईच्या हवेत तिला जपायचं तर वेगळी थंड, कोरडी जागा हवी. आपल्याकडे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झालं १९६४ मध्ये. सावेदादांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

तिकडे ब्रॅडफर्डने १९८३ मध्ये फोटो आणि सिनेमाचं मोठं म्युझियम उभारलं. २००९ मध्ये युनेस्कोने त्याच शहराला जगातलं पहिलं सिटी ऑफ फिल्म ठरवलं. ज्या गावाने कॅमेरा विकला त्या गावाने आपला इतिहास जपला. तो कॅमेरा विकत घेऊन इतिहास घडवणाऱ्या आपल्या माणसाचं मात्र नावही आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नाही.

कधी हँगिंग गार्डनला गेलात तर एवढं नक्की आठवा, भारतीय सिनेमाची पहिली कुस्ती इथे रंगली होती. आणि घरात आजोबांच्या वेळच्या जुन्या फिल्म्स किंवा कॅसेट पडून असतील, तर भंगारात देण्याआधी एकदा बघून घ्या.