भुकेल्या मुलांचे ब्रदर वॉलफ्रिड

ज्यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहो, ते ब्रदर वॉलफ्रिड, मूळ नाव अँड्र्यू केरिन्स, सन १८४० मध्ये आयर्लंडातील बॅलीमोट गावी जन्मले. सन १८६४ त मारिस्ट संघात प्रवेश करून पुढे त्यांनी ग्लासगो शहरी शिक्षकाचे व्रत चालविले. पोटी अन्न नसलेल्या मुलास विद्या कोठून येणार? म्हणून सन १८८४ च्या सुमारास त्यांनी गरीब मुलांसाठी भोजनाची पंगत सुरू केली. तिच्या खर्चासाठी ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी देवळाच्या सभागृहात सेल्टिक फुटबॉल क्लब स्थापन झाला. महागुरु चार्ल्स आयर आश्रयदाते झाले. जॉन ग्लास व डॉक्टर जॉन कॉनवे यांनी धुरा वाहिली. पुढल्याच मे महिन्यात पहिला सामना रेंजर्सविरुद्ध पाच-दोन असा जिंकला.

सन १८९२ च्या सुमारास ब्रदरांची लंडनास बदली झाली. सन १८९७ त क्लबची कंपनी झाली आणि पंगतीचा मूळ हेतू मागे पडला. ब्रदर मात्र लंडनच्या गरीब मुलांतच रमले व सन १९१५ त प्रभुचरणी लीन झाले. सन १९९५ त क्लबने धर्मादाय निधी पुन्हा उभारला. आश्रयदात्यांची नामावली कितीही थोर असो, पंगतीतील बालकाचा विसर पडला की ती व्यर्थ होय, हाच बोध आम्ही या चरित्रातून घेतो.