नवाबाच्या हाती लागू नये म्हणून बंगल्याच्या तळघरात स्वतःची कबर बांधणारा लखनौचा फ्रेंच बिल्डर

लखनौला कधी गेलात तर 'ला मार्टिनियर' ही मुलांची शाळा बघायला विसरू नका. एखाद्या युरोपियन राजवाड्यासारखी इमारत, छतावर पुतळ्यांची रांग, समोर तलाव आणि तलावात उभा उंच खांब. बघणाऱ्याला वाटतं, हा कुठल्या तरी नवाबाचा महाल असणार.

पण ही इमारत एका माणसाने स्वतःला राहायला बांधलेलं घर होतं. आणि हा माणूस आजही त्याच इमारतीत आहे. वर वर्ग भरतात आणि खाली तळघरात मालकाची कबर आहे.

त्याचं नाव क्लोद मार्टिन. इंग्रज त्याला क्लॉड म्हणायचे. पेशाने सैनिक, पण आजच्या भाषेत सांगायचं तर बिल्डर, घरमालक, सावकार आणि नीळ कारखानदार असं सगळं एकाच वेळी.

मार्टिनचा जन्म १७३५ चा, फ्रान्समधल्या ल्यों शहरातला. घर साधं, कामकरी माणसांचं. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीत नाव नोंदवलं आणि १७५२ मध्ये तो पाँडिचेरीला उतरला. त्या काळात दक्षिणेत फ्रेंच आणि इंग्रज एकमेकांचा जीव घेत होते. मार्टिन फ्रेंचांकडून लढला. पण फ्रेंचांची बाजू पडायला लागली तसा हा गडी सरळ इंग्रजांना जाऊन मिळाला. गद्दारी म्हणा किंवा व्यवहार म्हणा, त्या काळातल्या भाडोत्री युरोपियन सैनिकांमध्ये ही गोष्ट नवलाची नव्हती. १७६१ च्या जानेवारीत पाँडिचेरी पडली आणि फ्रेंचांचं भारतातलं स्वप्नच मोडलं.

इंग्रजांच्या फौजेत त्याला वेगळंच काम मिळालं. बंगालचा पहिला मोठा नकाशा तयार करणाऱ्या जेम्स रेनेलच्या हाताखाली त्याने सर्व्हेचं काम केलं. साखळ्या टाकून जमीन मोजायची, नद्यांची पात्रं नोंदवायची. कुठली जमीन उंचावर आहे, पूर कुठपर्यंत येतो, रस्ता कुठून जाणार, हे सगळं तो इथं शिकला. पुढे प्रॉपर्टीच्या धंद्यात त्याला या ज्ञानाचा किती फायदा झाला असेल, याचा अंदाज कुणीही बांधू शकतो.

त्याचं नशीब खऱ्या अर्थाने फळफळलं ते लखनौत. अवधचा नवाब असफउद्दौला याने १७७५ मध्ये राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली. नवी राजधानी म्हणजे बांधकामाचा सुकाळ. त्यात नवाब हौशी आणि खर्चाला मागेपुढे न बघणारा. बडा इमामबाडा उभा करणारा हाच तो नवाब. पुढच्याच वर्षी मार्टिन नवाबाच्या शस्त्रागाराचा प्रमुख म्हणून लखनौत आला. काम बंदुका आणि तोफा बनवण्याचं, पण डोळे शहरावर.

लखनौत इंग्रज अधिकारी, व्यापारी, चित्रकार येत होते आणि त्यांना राहायला त्यांच्या पद्धतीची घरं हवी होती. मार्टिनने घरं बांधली, काही विकत घेतली आणि भाड्याने दिली. शिवाय व्याजाने पैसे देणं सुरूच होतं. कर्जदारांमध्ये खुद्द नवाबही होता. युरोपातून घड्याळं, आरसे, काचसामान मागवून दरबाराला विकायचं, कानपूरजवळ नजफगढला निळीची शेती करायची, असे एकाला एक जोडलेले धंदे होते.

योहान झोफनी नावाच्या चित्रकाराने १७८६ च्या सुमारास काढलेलं एक चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. चार युरोपियन दोस्तांची बैठक जमली आहे. त्यात मार्टिन शेजारच्या मित्राला आपल्या घराचं चित्र दाखवतोय. आज साइट ऑफिसमध्ये बिल्डर ब्रोशर उघडून दाखवतो ना, अगदी तसंच.

त्याचं पहिलं मोठं घर म्हणजे गोमतीच्या काठावरचं 'फरहत बक्ष'. ते त्याने १७८१ च्या सुमारास पूर्ण केलं. खालच्या खोल्या थेट नदीच्या पातळीला. उन्हाळ्यात पाण्यामुळे गारवा मिळायचा म्हणून मुक्काम खाली. पावसाळ्यात गोमती वाढली की पाणी खोल्यांत शिरायचं आणि मालक वरच्या मजल्यावर. पाणी चढेल तसा हा चढायचा. पूर ओसरला की साफसफाई, रंगरंगोटी आणि पुन्हा खाली. एसी नसलेल्या काळातली ही युक्ती सर्व्हेवाल्यालाच सुचणार.

याच काळातला एक प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. १७८२ मध्ये मार्टिनला मूतखड्याचा भयंकर त्रास सुरू झाला. भूल देण्याची सोय तेव्हा जगात कुठेच नव्हती आणि या ऑपरेशनमध्ये बरेच रुग्ण दगावायचे. मार्टिनने डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. शस्त्रागारातली कारागिरी वापरून त्याने एक बारीक तार बनवली, तिच्या टोकाला कानशीसारखे दात पाडले आणि मूत्रमार्गातून ती आत घालून मूत्राशयातला खडा स्वतःच घासायला सुरुवात केली. दिवसातून कित्येकदा आणि महिनोनमहिने. खड्याचा चुरा लघवीवाटे पडत गेला आणि तो बरा झाला. वैद्यकाच्या इतिहासात आज या प्रयोगाची नोंद घेतली जाते. घरी करून बघण्याची गोष्ट मात्र ही नक्कीच नाही.

पॅरिसमध्ये १७८३ ला माणूस बलूनमधून उडाला. त्यानंतर दोनेक वर्षांतच मार्टिनने लखनौच्या आकाशात गरम हवेचे बलून सोडून दाखवले. नवाबाला ते इतकं आवडलं म्हणे, की त्याला वीस माणसं नेणारा बलून हवा होता. माणसं मरतील, असं मार्टिनने सांगितलं. त्याची काळजी तू करू नकोस, असं नवाबाचं उत्तर होतं, अशी गोष्ट सांगतात.

मराठी इतिहासाशीही या माणसाची गाठ पडते. महादजी शिंद्यांची कवायती फौज उभी करणारा द बॉयन हा मार्टिनचा जवळचा मित्र. मधल्या काळात महादजींची नोकरी सोडून द बॉयन लखनौला आला, तेव्हा त्याने मार्टिनसोबत कापडाचा आणि निळीचा व्यापार केला आणि मग तो पुन्हा महादजींकडे परतला. पुढे टिपूविरुद्धच्या युद्धात मार्टिन पन्नाशी उलटलेली असताना स्वखुशीने कॉर्नवॉलिससोबत गेला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला वेढा पडला, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला हरिपंत फडक्यांची मराठी फौज होती. १७९५ मध्ये मार्टिन मेजर जनरल झाला.

आता त्याच्या घरात डोकावू. मार्टिनने लग्न केलं नाही. बूलोन नावाची एक मुलगी साधारण नऊ वर्षांची असताना त्याने एका फ्रेंच माणसाकडून विकत घेतली. होय, विकत. पुढे ती त्याची जोडीदार झाली आणि आयुष्यभर त्याच्यासोबत राहिली. आपण तिला शिकवलं, तिने स्वतःहून आपल्याजवळ राहायचं ठरवलं, असं मार्टिनने लिहून ठेवलंय. बूलोनने काही लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे आपल्यापर्यंत आली ती फक्त विकत घेणाऱ्याची बाजू. घरात आणखीही बायका आणि गुलाम होते. मार्टिनला उदार शिक्षणप्रेमी म्हणून ओवाळताना हा भाग बऱ्याचदा गाळला जातो, पण त्याची संपत्ती आणि त्याचं घर याच व्यवस्थेवर उभं होतं.

शेवटची काही वर्षं त्याने शहराबाहेर नवा महाल बांधायला घेतला. नाव दिलं कॉन्स्टॅन्शिया, म्हणजे चिकाटी. इथं अडचण होती नवाबाची. परदेशी माणूस वारस न ठेवता मेला, तर त्याचं घर दरबार ताब्यात घेणार ही भीती खरी होती. लखनौत आजही सांगतात, की म्हणूनच मार्टिनने आपल्याला महालाच्या तळघरातच पुरायचं असं ठरवलं. घराचा मकबरा झाला की कुठलाही मुसलमान राजा तिथे राहायला येणार नाही, असा हिशोब. आयुष्यभर प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याने केलेला हा शेवटचा बंदोबस्त.

१ जानेवारी १८०० ला त्याने मृत्युपत्र केलं. १३ सप्टेंबरला त्याच जुन्या मूत्राशयाच्या दुखण्याने तो गेला. महाल तेव्हा अपुराच होता. मृत्युपत्रात गुलामांची सुटका होती, बूलोनला आणि इतर बायकांना पेन्शन होती, गरिबांसाठी पैसे होते आणि लखनौ, कलकत्ता व ल्यों अशा तीन शहरांत शाळा काढण्याची तरतूद होती.

पण मृत्युपत्र कोर्टात अडकलं ते अनेक वर्षं. कलकत्त्याची शाळा १८३६ मध्ये उघडली, लखनौची १८४५ मध्ये. म्हणजे मालक जाऊन पंचेचाळीस वर्षं झाल्यावर. तिथेही सुरुवातीची बरीच दशकं जागा प्रामुख्याने युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होत्या.

नवाबापासून वाचलेली कबर १८५७ मध्ये मात्र वाचली नाही. उठाव झाला तेव्हा शाळेतली मुलं रेसिडेन्सीत हलवली गेली आणि इंग्रजांसोबत वेढ्यात राहिली. इकडे रिकाम्या महालात बंडवाल्यांनी कबर फोडली आणि हाडं विखरून टाकली. नंतर जी सापडली, ती पुन्हा तळघरात ठेवण्यात आली.

बूलोनला लोक गोरी बीबी म्हणायचे. तिचा मकबरा शाळेच्याच आवारात आहे, महालापासून थोडा बाजूला.